सव्वाआठ फुटांची वाट

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी बजावलं, "रोज तासभर चाला. पण सपाटीवर. जिने नकोत, चढ तर अजिबात नको." मी मान डोलावली. घरी येताना रिक्षात लक्षात आलं की हे सांगणं सोपं आहे. वाघोलीत सपाटी हवी तेवढी आहे, चालायला मात्र जागा नाही.

माझी सगळी नोकरी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून गेली. म्हणजे दुसऱ्यांच्या बांधांवरून चालणं हाच धंदा. दोन भाऊ बांधाच्या दोन्ही बाजूंना हाताची घडी घालून उभे आणि मधून मी साखळी ओढत चाललोय, असं चित्र डोळ्यांपुढे आणा. आता मोजणीला उपग्रहाशी बोलणारी यंत्रं आली. आमच्या हाडात मात्र अजून तेहतीस फुटी साखळीच आहे. तेहतीस फूट म्हणजे सोळा आणे. तेहतीस गुणिले तेहतीस म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. निवृत्त झालो तरी चालताना पावलं मोजायची खोड काही जात नाही. माझी तेरा पावलं म्हणजे एक साखळी. ऑपरेशननंतर चौदा लागतात.

तर चालायचं कुठं? पहाटे नगर रस्त्यानं वाघेश्वराला निघतो. पदपथ जिथं आहे तिथं त्यावर फळांच्या गाड्या आणि आडवी लावलेली दुचाकी असते. जिथं नाही तिथं पांढरी पट्टी हाच पदपथ, आणि पट्टीच्या पलीकडून कंटेनर जातो तेव्हा सदऱ्याचा पंखा होतो. देवळापाशी पोचलो की मात्र सगळं बदलतं. शेजारी तळं, समोर महादेवाचं जुनं देऊळ आणि आवारात पिलाजीराव जाधवरावांची समाधी. घामेजलेला हात समाधीच्या दगडावर ठेवला की दगड गार लागतो. वैशाखातसुद्धा.

पिलाजीराव कोण, हे वाघोलीत नव्यानं राहायला आलेल्या शंभरातल्या किती जणांना ठाऊक असेल? शाहू महाराजांच्या काळातला हा मातब्बर सरदार. १७२९ साली छत्रसालाच्या मदतीला बाजीराव बुंदेलखंडात धावला, तेव्हा पिलाजी त्याच्याबरोबर होते. त्याच मोहिमेनंतर मस्तानी महाराष्ट्रात आली. तिच्या नावाचं तळं दिवे घाटाच्या पायथ्याला, वडकीजवळ आहे. आणि घाट चढून गेलं की पिलाजीरावांचीच गढी लागते, १७१० सालची. तिचं आता हॉटेल झालं आहे. १७५१ साली पिलाजीराव वारले. ज्या वाघोलीचे ते म्हणवले, तिथल्या गावठाणात त्यांच्या घराण्याच्या गढीचे अवशेष आहेत आणि देवळाशी समाधी आहे. गढी, देऊळ, समाधी, तळं, चारही एकाच गावात. अशी चौकडी असलेल्या दुसऱ्या कुठल्या गावानं तिच्याभोवती वाट बांधून वर्षभर पाहुणे बोलावले असते.

देवळासमोरच्या चहावाल्याला एकदा मी हे बोललो. तो म्हणाला, "काका, किल्ला बघायचाय तर सिंहगडावर जा की. इथं काय आहे?"

त्याचं काही चुकलं नाही. आपल्या मनात किल्ला म्हणजे चढायची गोष्ट. छाती फुटली पाहिजे, घाम निथळला पाहिजे, वर पोचून घोषणा दिली पाहिजे. त्याशिवाय किल्ला पाहिल्याचं समाधान नाही. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. मलाही आनंद झाला, सोसायटीत पेढे वाटले त्यातले दोन खाल्ले. पण रायगड, राजगड, साल्हेरपासून विजयदुर्ग, खांदेरीपर्यंत ती यादी बघा. सगळे डोंगरावरचे नाहीतर समुद्रावरचे. सपाटीवरची गढी त्यात एकही नाही. निकष वेगळे होते, तक्रार नाही. एवढंच, की साठीनंतर, गुडघे गेल्यावर, पोटुशी बाई असताना, तीन वर्षांचं नातवंड बोटाला असताना ज्या इतिहासापर्यंत चालत पोचता येतं तो हा भुईवरचाच. आणि तोच आपल्याला इतिहास वाटत नाही.

नोकरीत काही वर्षं सोलापुरात काढली. तिथला भुईकोट सिद्धेश्वर तलावाला खेटून उभा आहे. तीन बाजूंना खंदक आणि चौथ्या बाजूला तलावच खंदकाचं काम करतो. बहामनी काळातला कोट. कचेरी सुटली की मी तिकडं जायचो. एका बाजूला काळे बुरूज, दुसऱ्या बाजूला पाण्यात सिद्धरामेश्वरांचं देऊळ, आणि मधे शेंगा खात हिंडणारी माणसं. कुणाच्या पाठीला सॅक नाही, पायांत ट्रेकिंगचे बूट नाहीत. नऊवारीतल्या आजीबाई, बुरख्यातल्या बाया, कॉलेजची पोरं. किल्ला कुणी 'सर' करत नव्हतं, त्याच्या शेजारून चालत होतं. मला ते फार आवडायचं.

तसंच चालणं पुन्हा भेटलं ते पार स्कॉटलंडमध्ये. मुलगी एडिनबराला असते. ऑपरेशनच्या आधीची गोष्ट, गुडघा कुरकुर करत होता. ती म्हणाली, "बाबा, तुमच्यासाठी एक सोपी वाट शोधलीय," आणि आगगाडीनं लिनलिथगो नावाच्या गावाला घेऊन गेली. लहानसं गाव, गावाला चिकटून तळं, आणि तळ्याच्या काठी बुटक्या टेकाडावर छप्पर नसलेला राजवाडा. स्कॉटलंडची राणी मेरी तिथं १५४२ साली जन्मली. १७४६ साली सैनिकांचा तळ पडला असताना वाड्याला आग लागली. आपला शनिवारवाडा १८२८ साली जळाला तेव्हापासून जसा उघडा आहे, तसा तो तेव्हापासून उघडा. तळ्याभोवतीची वाट पावणेचार किलोमीटरच्या आसपास, जवळजवळ सपाट. चालताना वाडा कधी समोर येतो, कधी मागं जातो, कधी पाण्यात उलटा दिसतो.

आता खरी गंमत सांगतो. त्या तळ्याच्या उत्तर अंगाला महामार्ग आहे. ट्रक जातात, घरघर ऐकू येते. मी थांबून म्हटलं, "अगं, हा तर आपला नगर रोड!" म्हणजे महामार्ग शेजारी आला की सगळं संपलं, ही आपली सबब तिथं चालत नाही. गाड्या त्यांच्या जागी, हंस त्यांच्या जागी, आणि मधल्या वाटेवर एक म्हातारा कुत्रं घेऊन आणि एक बाई बाबागाडी ढकलत एकमेकांना ओलांडून गेले. खोडीप्रमाणे मी वाटेची रुंदी पावलांनी मोजली. काही ठिकाणी तीन पावलं, काही ठिकाणी सव्वातीन.

सव्वातीन पावलं म्हणजे सव्वाआठ फूट. हा आकडा मला तिकडं शिकावा लागला नाही. आपल्या गाव नकाशांत पूर्वापार दोन प्रकारच्या वाटा दाखवतात. गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेनं, त्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेनं, सव्वाआठ फूट. साखळीचा बरोबर चौथा हिस्सा, चार आणे. माणसानं डोक्यावर भारा घेऊन जावं आणि समोरून येणाऱ्याला धक्का लागू नये, एवढी ती रुंदी. म्हणजे पायी चालणाऱ्याचा हक्क या मुलखात कागदावर होता आणि त्याला मापही होतं. जुन्या वाटेत कुणी अडथळा केला तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या पाचव्या कलमाखाली आजही तहसीलदाराकडं जाता येतं. शेतकरी जातातही.

गाव शहरात गेलं की ही तुटक रेषा पहिली पुसली जाते. वाघोली २०२१ साली बावीस गावांबरोबर पुणे महापालिकेत गेली. पाणी, सांडपाणी, रस्ते यांची ओरड रास्तच आहे, मीही ओरडणाऱ्यांत आहे. पण शहराच्या रस्त्याचा विचार मीटरमध्ये होतो. बारा मीटर, अठरा मीटर, चोवीस मीटर, सगळा हिशेब चाकांचा. सव्वाआठ फूट हे माप त्या पट्टीवर बसतच नाही.

आणि चुकून बसलंच तर 'सुशोभीकरण' येतं, त्याची मला जास्त भीती वाटते. कमान येईल. कमानीवर फोटो येतील. फायबरचे दोन मावळे, रंगीत दिवे, काठाला सिमेंटची भिंत, त्यावर स्टीलचा कठडा, आणि मग कारंजं. सहा महिन्यांत कारंजं बंद पडेल आणि त्याच्या हौदात डास होतील. मला यातलं काही नको आहे. गढीच्या अवशेषांपाशी निघून समाधीला हात लावून तळ्याला वळसा घालणारी सव्वाआठ फुटांची वाट हवी. मुरूम दाबून केलेली, पावसात घसरणार नाही अशी. कडुनिंब नाहीतर करंजाची सावली. टेकायला दर दहा साखळ्यांवर एक दगडी ओटा. वाघोलीच्या खाणींनी पुण्याच्या इमारतींना वर्षानुवर्षं दगड आणि खडी पुरवली, तिथं ओट्यांना दगड कमी पडायचं कारण नाही. आणि एक पाटी, पिलाजीराव कोण होते ते सांगणारी. पाटीवर त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाचं नाव नको.

"जागा कुठंय?" हा प्रश्न येणारच. वाघोलीत गुंठ्याचा भाव काढला की माणसं आवाज खाली आणून बोलतात. म्हणून मोजणीदाराच्या सवयीनं हिशेब करून ठेवलाय. सव्वाआठ फूट रुंदीची वाट एका गुंठ्यात किती लांब जाते? एकशे बत्तीस फूट, म्हणजे नेमक्या चार साखळ्या. एक किलोमीटर वाटेला लागतात जेमतेम पंचवीस गुंठे. एकरात चाळीस असतात. वाटेचा बराचसा भाग देवळाच्या, तळ्याच्या आणि गावठाणाच्या मोकळ्या जागेतून नेला तर विकत घ्यायची जमीन त्याहून कमी. ज्यांच्या घरी जुन्या गाव नकाशाची नक्कल असेल त्यांनी ती काढून एकेरी तुटक रेषा कुठून कुठं जाते ते बघावं. काही वाटा नव्यानं करायची गरजच पडणार नाही, फक्त मोकळ्या करायच्या असतील.

परवा हा हिशेब चहावाल्याच्या टपरीवर, वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेला मांडून दाखवला. त्यानं दोन्ही हात पुसले, कागद उलटा-सुलटा करून पाहिला.

"पंचवीस गुंठे," तो म्हणाला. "काका, एवढ्यात दोन बिल्डिंगी बसतात की."

"बसतात," मी म्हटलं.

"आणि तुम्ही नुसते चालणार?"

"मधे चहा प्यायला थांबणार."

तो हसला, कागदाचा तेवढा तुकडा फाडून खिळ्याला अडकवला, उधारीच्या चिठ्ठ्यांत. अजून तिथंच आहे.