फॉर्म निघाले आणि गेलेसुद्धा!

मुलांनो, बारावीचा निकाल लागला की आमच्या शाळेत जुने विद्यार्थी पेढे घेऊन येतात. मागच्या वर्षी एकजण आला. चौथीत माझ्या वर्गात होता. वर्गात भांडण झालं की दोन्ही बाजू ऐकून निवाडा करायचा! हातावर पेढा ठेवून म्हणाला, "बाई, मला वकील व्हायचंय. राष्ट्रीय विधी विद्यापीठाचे फॉर्म कधी निघतात?"

काय सांगणार? फॉर्म निघाले होते आणि गेलेसुद्धा. परीक्षा डिसेंबरातच झाली होती. घरी सगळे म्हणत राहिले, "आधी निकाल तर लागू दे!"

असं पुष्कळ घरांत होतं. ‘क्लॅट’ ही कायद्याची प्रवेशपरीक्षा पूर्वी उन्हाळ्यात असे. २०२२ साली ती जूनमध्ये झाली आणि पुन्हा डिसेंबरमध्येही. तेव्हापासून ती डिसेंबरातच होते. म्हणजे अर्ज पावसाळ्यात सुरू होतात आणि दिवाळीच्या आगेमागे बंद होतात. बारावीत शिकत असतानाच अर्ज करता येतो, निकाल हातात लागत नाही बरं का.

आता पैशांचं. डिसेंबर २०२४ च्या परीक्षेचं शुल्क ४,००० रुपये होतं. अनुसूचित जाती-जमाती आणि दारिद्र्यरेषेखालच्या मुलांना ३,५००. मला तर हे जास्तच वाटतं. पण पूर्वी प्रत्येक विद्यापीठाचा फॉर्म वेगळा, फी वेगळी, परीक्षा वेगळी. २००६ साली हे गाऱ्हाणं सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २००८ मध्ये सात विद्यापीठांची मिळून एकच परीक्षा सुरू झाली. आज त्या एका अर्जात वीसहून जास्त विद्यापीठं येतात. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर त्यातच. दिल्लीची ‘आयलेट’ तेवढी वेगळी.

मात्र ४,००० भरण्याआधी आईबाबांशी बोला. या विद्यापीठांत वर्षाचा खर्च लाखांत जातो. तो झेपणार नसेल तर राज्याची सीईटी आहे. २०१६ पासून ती सुरू आहे. तिचं शुल्क क्लॅटपेक्षा पुष्कळ कमी आणि अर्ज बारावीच्या परीक्षेच्या आगेमागे निघतात. मुंबईचं १८५५ सालचं शासकीय विधी महाविद्यालय, पुण्याचं आयएलएस, ही नावाजलेली कॉलेजं याच सीईटीतून मिळतात. पालकहो, जातीचा दाखला वगैरे कागद अकरावीतच काढून ठेवा. तहसील कचेरीत ऐन वेळी किती हेलपाटे होतात, ते तुम्हाला ठाऊक आहेच.

त्या मुलाची सीईटीसुद्धा हुकली होती. घाबरून त्याने नेट कॅफेत बसून तीन खासगी कॉलेजांचे फॉर्म भरले. प्रत्येकाची फी निराळी, परत न मिळणारी. पाच हजार गेले. आई ब्लाउज शिवते. तिथली वर्षाची फी किती, हे त्याने पैसे भरल्यावर पाहिलं!

मग त्याने बी.ए.ला नाव घातलं आणि ऑगस्टमध्ये पुन्हा आला. क्लॅटला वयाची अट नाही, हे मी त्याला सांगितलं होतंच. या वेळी पेढे नव्हते, अर्जाची पावती होती. बरोबर दहावीतली बहीण होती. ती म्हणाली, "बाई, मला कोर्टात नाही जायचं, मला नर्स व्हायचंय. त्याचे फॉर्म कधी निघतात?"