स्पर्शाचा धडा पहिलीपासूनच हवा!

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये बारामतीत मोठा गाजावाजा करून 'शक्ती अभियान' जाहीर झाले. तक्रारपेटी, मदतीसाठी फोन नंबर, पोलिसांचे लक्ष असा तो बेत. त्याआधी दोनच महिने बदलापूरच्या शाळेत शिशुवर्गातल्या दोन चिमुकल्यांवर अत्याचार झाल्याने अवघा महाराष्ट्र हादरला होता. पेटी बसवली, चांगलेच केले. पण पहिली-दुसरीतल्या पोरीने त्या पेटीत टाकायचे तरी काय? आपल्या शरीराच्या अवयवांची नावे जिला कोणी सांगितली नाहीत, कोणी नको तिथे हात लावला तर 'नाही' म्हणण्याचा आपल्याला हक्क आहे हेच जिला ठाऊक नाही, ती चिठ्ठीत काय लिहिणार?

हा प्रश्न आपला आहे, कारण जिल्हा परिषदेच्या शाळेत बसणारी लेकरे बहुतांशी आपली आहेत. बारामती-इंदापूर हा साखरेचा पट्टा. सोमेश्वरनगर, माळेगाव, भवानीनगर या कारखान्यांचे गाळप दिवाळीच्या सुमारास सुरू झाले की बीड-नगरकडचे कोयते फडावर येतात. नवरा-बायको पहाटेच्या अंधारात ऊस तोडायला जातात आणि दहा वर्षांची पोर धाकट्या भावाला कडेवर घेऊन कोपीत मागे राहते. कोपीला ना दार, ना कडी. पोरीची काळजी म्हणून आई-बाप तिचे लग्नच उरकून टाकतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यात वीस ते चोवीस वयाच्या शंभरातल्या सुमारे बावीस स्त्रियांची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली. बीड जिल्ह्यात हेच प्रमाण चाळीसच्या पुढे गेले. या पोरीला शाळेने चार शब्द शिकवले नाहीत, तर कोण शिकवणार?

लैंगिक शिक्षण म्हटले की संस्कृतीचे ठेकेदार खवळतात. २००७ साली विधिमंडळात असाच गदारोळ झाला आणि राज्य सरकारने किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम बंद केला. तो तर वरच्या वर्गांसाठी होता. प्राथमिक शाळेत शिकवायचे ते याहून कितीतरी साधे आहे. शरीराच्या अवयवांची खरी नावे. आपले शरीर आपले आहे. मोठ्यांनी 'कुणाला सांगू नको' म्हटले तर ते आधी सांगायचे. मुलगी 'नाही' म्हणाली की मुलाने थांबायचे. मासिक पाळी विटाळ नाही. यात अश्लील काय आहे? सर्वोच्च न्यायालयानेही २०२५ साली सांगितले की हे शिक्षण नववीपर्यंत थांबवू नका, लहान वयातच द्या. पोक्सो कायदा २०१२ पासून आहे. अत्याचाराची माहिती मिळाली की ती पोलिसांना कळवणे शिक्षकांवरही बंधनकारक आहे. पण लेकरू बोललेच नाही तर शिक्षकाला कळणार कसे?

आपला वारसा काय सांगतो? फसवल्या गेलेल्या विधवांसाठी फुले दाम्पत्याने १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिकातून लैंगिक ज्ञान देत होते म्हणून सनातन्यांनी त्यांना कोर्टात खेचले, तेव्हा १९३४ साली त्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले. खटला हरला, कर्वे यांना दंड झाला. पण ज्ञान कोणापासूनही दडवायचे नाही, ही बाजू बाबासाहेबांनी सोडली नाही.

आणि स्पर्शाचे राजकारण आम्हाला कोणी समजावून सांगायला नको. ज्यांनी आमची सावलीही बाटवणारी ठरवली, त्यांनीच आमच्या आया-बहिणींच्या अंगावर हात टाकताना विटाळ मानला नाही. २०१४ साली नगर जिल्ह्यातल्या खर्डा गावात सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याला सवर्ण मुलीशी बोलतो म्हणून हाल करून मारले. २०१७ साली न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. मुलगा-मुलगी बोलले म्हणजे घराण्याची इज्जत गेली, हे विष पोरांच्या डोक्यात कॉलेजात भरत नाही. ते पाटीवर अक्षर गिरवण्याच्या वयातच घराघरातून भरले जाते. म्हणून उताराही त्याच वयात हवा, आणि त्यात जातीचा धडा वगळून चालणार नाही.

थोडे स्वतःकडेही पाहू. जयंतीला निळे झेंडे लावणाऱ्या आपल्या वस्तीत तरी मुलीच्या तक्रारीवर घरात विश्वास ठेवला जातो का? काका, मामा, शेजारी यांचे नाव आले की 'गप्प बस' कोण म्हणते? मुलाला 'पोरीसारखा रडू नको' कोण शिकवते? पुरुषांनो, उत्तर आपणच द्यायचे आहे.

वाट पाहत बसण्याचे कारण नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. दुर्बल घटकांच्या पालकांनाही त्यांच्या प्रमाणात जागा आहेत. बारामती-इंदापूरच्या प्रत्येक गावातल्या भीमसैनिकांनी आणि माता-भगिनींनी पुढच्या बैठकीला जावे आणि दोन मागण्या लेखी द्याव्यात : हा धडा पहिलीपासून वर्गात शिकवा, आणि कोपीवरच्या लेकरांनाही त्या वर्गात बसवा. ठराव इतिवृत्तात नोंदवून घेतल्याशिवाय उठू नका. शिका म्हणून बाबासाहेबांनी सांगितले, त्यात स्वतःच्या देहाचे ज्ञानही येते.

जय भीम!