अस्वांग राहते शेजारीच

फिलिपिन्सच्या विसाया बेटांवर रात्री छपरावर ‘टिकटिक’ ऐकू आली, तर आवाज मोठा असलेलाच बरा. मोठा म्हणजे अस्वांग अजून लांब आहे. बारीक होत गेला, की ती उंबऱ्याशी आलीच म्हणायची. दिवसा ती चारचौघींसारखी. रात्री कुत्रं, डुक्कर नाहीतर पक्षी. गरोदर बाईच्या घरात छपरातून दोऱ्यासारखी जीभ सोडणारी.

मराठीत या शब्दाला ‘पिशाच्च’ म्हणून मोकळं होऊ नये. आपली हडळ, मुंजा, समंध ही मेलेली माणसं. अस्वांग जिवंत असते आणि तिला घराचा पत्ता असतो. म्हणूनच हा शब्द भुताच्या नावापेक्षा आरोपासारखा वापरला जातो. लोककथांचे अभ्यासक माक्सिमो रामोस यांना त्यात रक्तपिपासूपासून प्रेतं खाणाऱ्यापर्यंत पाच प्रकार सापडले.

शब्द जुना आहे. हुआन दे प्लासेन्सिया या स्पॅनिश पाद्र्याने १५८९ मध्येच ‘ओसुआंग’ची नोंद केली: उडतो, माणसं मारून खातो, पण हे विसायांकडे, तागालोग लोकांत नाही. (राक्षस नेहमी पलीकडच्या गावचा!)

‘असुर’वरून ‘अस्वांग’ आला, हे ऐकायला आपल्याला गोड वाटतं. तागालोगमध्ये मुखा, आसा, दिवाता हे मुख, आशा, देवतेचे वंशज आहेतही. पण ध्वनी जुळला म्हणून सोयरीक जुळत नाही. पूर्व इंडोनेशियात चेटकं करणाऱ्याला ‘सुआंगी’ म्हणतात. नातं शोधायचं तर आधी तिथे शोधावं.

या शब्दाची ताकद अमेरिकी अधिकारी एडवर्ड लान्सडेलने बरोबर ओळखली होती. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला फिलिपिन्समधले ‘हुक’ नावाचे कम्युनिस्ट बंडखोर एका टेकडीवर तळ देऊन होते. टेकडीवर अस्वांग असल्याची वावडी आधी उठवली गेली. मग गस्तीतला शेवटचा माणूस गुपचूप उचलला, मानेला दोन भोकं पाडली, पायाला धरून टांगून रक्त काढलं आणि प्रेत पुन्हा वाटेवर टाकलं. दुसऱ्या दिवशी टेकडी रिकामी झाली, असं लान्सडेलने स्वतःच आठवणींत लिहून ठेवलंय.

पनाय बेटावरच्या कापिझ प्रांताला हा शब्द आजही चिकटलेला आहे. या बेटावर एक आनुवंशिक आजार बराच आढळतो, मुख्यतः पुरुषांना. त्यात मान, हातपाय पिळवटतात, काहींची जीभ आपोआप बाहेर येते. अशा माणसाकडे पाहून अस्वांग आठवावी, हे समजण्यासारखं आहे, माफ करण्यासारखं नाही. कापिझचा माणूस परगावी गेला, की ‘तुमच्याकडे अस्वांग असते ना?’ हा प्रश्न हसत हसत ठरलेला.