विश्लेषण : पासवर्ड ‘११११’ आणि पाण्याचा पंप… जलपुरवठ्यावर सायबर हल्ला कसा होतो?

पाण्यात विष कालवले जाईल, ही दहशतवादाबाबतची जुनी भीती. गेल्या काही वर्षांत मात्र हल्लेखोर जलाशयापर्यंत जाण्याची तसदी घेत नाहीत. पंप आणि व्हॉल्व्ह चालवणारा छोटा संगणक इंटरनेटवर सापडला की काम भागते. अमेरिकेतील अ‍ॅलिक्विपाचे प्रकरण याचा धडधडीत नमुना आहे.

अ‍ॅलिक्विपात काय घडले?

अ‍ॅलिक्विपा हे पेनसिल्व्हेनियातील जुने पोलादनगर. २५ नोव्हेंबर २०२३ रोजी तेथील जल प्राधिकरणाच्या एका बूस्टर केंद्रात अलार्म वाजला. रॅकून आणि पॉटर या दोन वस्त्यांकडे जाणाऱ्या पाण्याचा दाब हे केंद्र राखते. नियंत्रण यंत्राच्या पडद्यावर इस्रायलविरोधी संदेश झळकत होता आणि खाली नाव होते ‘सायबरअ‍ॅव्हेंजर्स’. कर्मचाऱ्यांनी यंत्र बंद करून पंप हाताने चालवले. पाणी थांबले नाही, दूषितही झाले नाही.

तेच गाव का?

त्या गावाशी कोणाचे वैर नव्हते. यंत्र ‘युनिट्रॉनिक्स’ या इस्रायली कंपनीचे होते, एवढेच कारण. अशा यंत्राला पीएलसी म्हणतात. टाकीची पातळी किंवा नळातील दाब सेन्सरकडून घ्यायचा आणि त्यानुसार पंप चालू-बंद करायचा, हे त्याचे काम. ही यंत्रे कारखान्याच्या चार भिंतींत चालतील, असे गृहीत धरले गेले होते. दुरून देखरेखीच्या सोयीसाठी ती थेट इंटरनेटला जोडली गेली आणि कंपनीने दिलेला पासवर्डही अनेक ठिकाणी तसाच राहिला. तो होता ‘११११’. याला हॅकिंग म्हणणे जरा जास्तच झाले.

अमेरिकी यंत्रणांच्या मते हा गट इराणच्या रिव्होल्युशनरी गार्डशी संलग्न आहे. या दलाला अमेरिकेने २०१९ मध्येच दहशतवादी संघटना ठरवले होते. अशी किमान ७५ यंत्रे हल्लेखोरांच्या हाती लागली. त्यांपैकी किमान ३४ अमेरिकेच्या पाणी व सांडपाणी क्षेत्रातील होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये रिव्होल्युशनरी गार्डच्या सहा अधिकाऱ्यांवर अमेरिकेने निर्बंध लादले. आयर्लंडच्या मेयो परगण्यात मात्र नुकसान पडद्यापुरते राहिले नाही. डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या एका छोट्या योजनेवरील दीडशेहून अधिक घरांचे पाणी दोन दिवस तुटले.

नियम नव्हते का?

खरी गोम इथेच आहे. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने जलयोजनांच्या नियमित तपासणीत सायबर सुरक्षेचाही समावेश करण्यास राज्यांना सांगितले होते. मिसुरी, आर्कान्सा आणि आयोवा ही राज्ये न्यायालयात गेली. पाणीपुरवठादारांच्या संघटनाही सोबत होत्या. छोट्या योजनांना खर्च झेपणार नाही, ही त्यांची तक्रार अगदीच खोटी नव्हती. दोन-चार कर्मचाऱ्यांच्या योजनेत संगणकतज्ज्ञ आणायचा कुठून? जुलैत न्यायालयाने स्थगिती दिली, ऑक्टोबरमध्ये संस्थेने आदेश मागे घेतला. पुढच्याच महिन्यात अ‍ॅलिक्विपा घडले.

पण पासवर्ड बदलायला आणि यंत्र इंटरनेटवरून काढून फायरवॉलमागे ठेवायला तज्ज्ञ लागत नाही. मे २०२४ मध्ये याच संस्थेने सांगितले, की सप्टेंबर २०२३ पासून तपासलेल्या ७० टक्क्यांहून अधिक जलयोजनांत कायद्यातील मूलभूत अटी पाळल्या जात नव्हत्या. काही ठिकाणी मूळ पासवर्ड तेव्हाही तसेच होते.