‘स्वूय’ शिकवताना

चेक शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला ‘मी माझी किल्ली शोधतोय’ हे वाक्य द्या. तो बिनदिक्कत ‘ह्लेदाम मूय क्लीच’ लिहील. हवं असतं ‘स्वूय क्लीच’, कारण किल्ली कर्त्याचीच आहे. (बोलण्याच्या ओघात चेक माणसंही कधीकधी ‘मूय’ म्हणून जातात, पण परीक्षेत तो बचाव चालत नाही.)

गंमत अशी, की हाच विद्यार्थी तृतीय पुरुषात सहसा अडखळत नाही. ‘पेत्रने आपला कोट घेतला’ आणि ‘पेत्रने त्याचा कोट घेतला’ यांतला फरक त्याच्या कानाला ठाऊक असतो. ‘स्वूय’ आणि ‘येहो’ तिथे आपसूक बसतात. गफलत होते ती ‘मी’ आणि ‘तू’ पाशी. तिथे मराठी ‘माझा’, ‘तुझा’वर भागवते, चेकमध्ये मात्र सगळ्या पुरुषांना एकच ‘स्वूय’. तेव्हा सराव ‘मी’ आणि ‘तू’चाच जास्त घ्या. वर्गात हिंदी जाणणारे असतील तर ‘मैं अपनी चाबी’ एवढं म्हटलं तरी काम होतं. इंग्रजी पाठ्यपुस्तकातला तक्ता फळ्यावर उतरवून हे साधत नाही.

‘सि’चंही तसंच. ‘स्वतःसाठी’ असा अर्थ सांगून आपण मोकळे होतो, मग ‘नापिश सि तो’ म्हणजे ‘ते स्वतःसाठी लिही’ असं अवघडलेलं मराठी वहीत उतरतं. आपण म्हणतो ‘ते लिहून घे’. आईला पत्र लिहून दे, पत्ता लिहून घे: ही घे-दे ज्याला कळते, त्याला ‘सि’चं निम्मं काम कळलं. उरलेलं निम्मं पाठच करावं लागतं. ‘सेद्नोउत सि’ म्हणजे नुसतं बसणं, त्यात ‘घेणं’ कुठेच नाही.

‘सि’ आणि त्याचा जोडीदार ‘से’ (‘स्वतःला’) यांच्या वाक्यातल्या जागेबाबत मात्र मराठी कामाला येत नाही. ‘उमिल सेम से’ (मी अंग धुतलं), पण ‘या सेम से उमिल’: ‘से’ वाक्याच्या दुसऱ्या जागी, सहायक क्रियापद ‘सेम’च्या पाठोपाठ. हे घोकूनच घ्यावं.

अनुवादकांसाठी एक मुद्दा. ‘वडिलांनी मुलाला आपली गाडी वापरू दिली’ या वाक्याच्या चेक रूपातही ‘स्वूय’ वडिलांकडे जातं की मुलाकडे, हे व्याकरण ठरवत नाही. कथेत ही संदिग्धता तशीच राहू द्यावी. करारनाम्यात किंवा मृत्युपत्रात मात्र ‘आपली’ लिहू नये. मूळ मजकूर देणाऱ्याला विचारून गाडीच्या मालकाचं नाव घालावं.