खोली आपली, जबाबदारीही आपली

जून-जुलैत आपल्या वस्त्यांतली मुले-मुली पेटी घेऊन वसतिगृहात राहायला जातात. 1925 साली बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह काढले, ते मुलांना शिकायला जागा मिळावी म्हणून. आज खरूज, ढेकूण आणि डेंग्यूपायी अभ्यासाचे दिवस वाया जात असतील, तर ते आपल्याला परवडणारे नाही.

आठवड्यातून एक तास पुरतो. कॉटखालची जुनी खोकी, रद्दी, फाटक्या गाद्या आधी बाहेर काढा. ढेकूण आणि झुरळे तिथेच लपतात. लोखंडी कॉटच्या फटींत उकळते पाणी ओता. पाण्याची बादली आठवड्याला घासून कोरडी करा, कारण अंड्यापासून डास व्हायला साधारण 8 ते 10 दिवस लागतात. एकाला खरूज झाली, तर डॉक्टरांना विचारून खोलीतल्या सर्वांनी एकाच वेळी औषध लावावे, कपडे-चादरी गरम पाण्यात धुवाव्यात. पुस्तके मात्र रद्दीत घालू नका. वस्तीतल्या अभ्यासिकेला द्या.

झाडू मुलग्यांनीही हातात घ्यावा. सुट्टीत मळक्या कपड्यांचे गाठोडे आईपुढे टाकू नये. भिक्खू आपला विहार स्वतः झाडत. जन्मावरून लादलेली सफाई हा अन्याय होता. स्वतःची खोली झाडणे हा स्वाभिमान आहे.

पण तुंबलेले संडास आणि ढेकणांची फवारणी ही व्यवस्थापनाची जबाबदारी आहे. त्यासाठी सर्वांच्या सह्यांचा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पालकांनीही पाठपुरावा करावा.

जयभीम!