फोटो म्हणजे पुस्तक नव्हे

गेल्या शनिवारी मित्राच्या धाकट्या भावाला नोट्स वाचून दाखवत होतो. तो बी.ए.ला आहे, पूर्ण अंध. लॅपटॉप मात्र माझ्यापेक्षा वेगात चालवतो! एनव्हीडीए हा फुकट मिळणारा स्क्रीन रीडर त्याला पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतो.

मग माझी गरज काय? तर कॉलेजने दिलेली पीडीएफ म्हणजे झेरॉक्सचं स्कॅन. आपल्याला ती पानं दिसतात, स्क्रीन रीडरला नुसतं चित्र. दुसरी फाइल टाइप केलेली होती, पण युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये. वर मराठी, आत भलत्याच अक्षरांचा काला. स्क्रीन रीडर बिचारा तो कालाच मोठ्याने वाचतो.

"दादा, सोमवारी पेपर आहे," एवढंच तो म्हणाला.

कायदा आड येतो म्हणावं, तर तसंही नाही. २०१२च्या दुरुस्तीपासून कॉपीराइट कायदाच अशा विद्यार्थ्यांसाठी वाचता येईल अशी प्रत करायला मुभा देतो. मराकेश करारावर २०१४मध्ये सर्वांत आधी शिक्कामोर्तब केलं ते भारतानेच.

अडतंय ते सवयीत. सरांनी प्रिंट काढण्याआधीची मूळ फाइल दिली, ती युनिकोडमध्ये टाइप केली, मथळ्यांना हेडिंग स्टाइल लावली आणि आकृतीखाली दोन ओळींचं वर्णन लिहिलं, तर बरंचसं काम तिथेच होतं. हे सगळं नंतर दुरुस्त करायला बसलं की रविवार जातो. माझा गेला.

अर्थात, रविवारचं दुःख नाही. पण त्याचा अभ्यास माझ्या सुट्टीवर का अवलंबून असावा?